बादलीसमोरचं बटण

महापालिकेच्या निवडणुकीला मी उभा राहिलो, याला माझा डावा गुडघा जबाबदार आहे. राजकारणाचा त्यात काहीही संबंध नाही.

झालं असं की, त्या रविवारी आमच्या सोसायटीत टँकर आला नाही. सोसायटीचं नाव अमृतधारा. (बिल्डरला विनोदाची जाण होती, एवढंच मी म्हणेन.) माहितीपत्रकावर प्रवेशद्वाराशी एक कारंजं थुईथुई नाचत होतं. ते कारंजं आजही आहे. वॉचमनने त्यात तुळस लावली आहे. वाघोलीत इमारती भराभर आल्या, कॉलेजं आली, पोरांची हॉस्टेलं आली; नळाचं पाणी मात्र आमच्यापर्यंत अजून चालतच येत होतं. तोवर सगळी भिस्त टँकरवर.

तर टँकर आला नाही आणि पार्किंगमध्ये तातडीची सभा भरली. आमचे चेअरमन रफिकभाई. त्यांचं तळमजल्यावर हार्डवेअरचं दुकान आहे, घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं, आणि त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. सभेत जो तो ओरडत होता. महापालिकेची निवडणूक जाहीर झालेली होती, त्यामुळे ओरडण्याला जरा दिशाही होती. शेवटी मीही बोललो. इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात मी वर्षानुवर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. पन्नास माणसं समोर बसलेली दिसली की माझं तोंड आपोआप सुरू होतं.

"बाहेरच्यांना दोष देऊन काय उपयोग?" मी म्हणालो. "आपल्यातलंच कुणीतरी उभं राहिलं पाहिजे!"

टाळ्या पडल्या. 'आपल्यातलंच कुणीतरी' याचा अर्थ 'मी सोडून कुणीतरी' असा असतो, हे सुशिक्षित माणसांना सांगावं लागत नाही अशी माझी समजूत होती. पण बराच वेळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसून माझा गुडघा आखडला होता. तो सरळ करायला म्हणून मी उठलो.

"सर उभे राहिले!" रफिकभाई गरजले.

"अहो, मी नुसता..."

"सर उभे राहिले!" सगळं पार्किंग गरजलं.

मी खाली बसायचा प्रयत्न केला. तोवर कुणीतरी माझी खुर्ची उचलून नेली होती.

घरी आलो तर बातमी लिफ्टने माझ्याआधी पोचली होती. सौ. नीलिमा, म्हणजे आमची ही, डाळीला फोडणी देत होती. ती बँकेतून निवृत्त झाली आहे. लोकांचे अर्ज न वाचता नामंजूर करायची सवय अजून गेलेली नाही.

"ऐकते ते खरं आहे?"

"अगं, गैरसमज झाला. पण आता लोकांचा एवढा आग्रह आहे तर..."

"अहो, आपल्या लग्नाला इतकी वर्षं झाली. भाजीवाल्याकडे एकदा तरी वर थोडी कोथिंबीर मागितलीत?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"कोथिंबीर मागता येत नाही तो माणूस मत मागणार!" फोडणी चुर्र झाली. "आणि एक सांगून ठेवते. माझं मत घरचं म्हणून गृहीत धरायचं नाही. सगळ्यांच्या दारी जाल ना? तसं माझ्याही दारी यायचं. मागायचं."

"स्वतःच्या बायकोकडे मत मागू?"

"कोथिंबीर मागा त्यापेक्षा. ती संपली आहे."

मी दोन्ही न मागता हातपाय धुवायला गेलो. पाणी नव्हतं.

नीलिमाचा मुद्दा तसा बिनतोड होता. माझा जन्म नारायण पेठेतला. आमच्या घराण्यात कुणी कुणाकडे काही मागत नसे. कुणी मागायला आलंच तर तो परत का येणार नाही, याची व्यवस्था मात्र चोख असे. पण अर्ज भरला गेला. मग चिन्हं वाटायचा दिवस आला. मला 'पुस्तक' हवं होतं. नाहीतर 'पाटी'. निदान 'कंदील' तरी. ज्ञानाचा प्रकाश वगैरे बोलायला बरं. मला मिळाली बादली.

रफिकभाईंना मात्र गहिवरून आलं.

"सर, हा शुभशकुन आहे! पाण्याचा प्रश्न, आणि चिन्ह बादली! शिवाय दुकानात माल पडून आहे."

"एकही बादली वाटायची नाही! आचारसंहिता आहे."

"वाटायची नाही," त्यांनी खिन्नपणे मान हलवली. "पण हातात धरायला एक घ्या. निळी घ्या. निळी उठून दिसते."

आमच्या प्रचारातली ती पहिली घोडचूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पांढरा झब्बा घालून, हातात रिकामी निळी बादली घेऊन शेजारच्या सोसायटीत शिरलो. मागे रफिकभाई पत्रकांचा गठ्ठा घेऊन. पहिल्या दाराची बेल वाजवली. दार फटीएवढं उघडलं. एका बाईंनी आधी माझ्याकडे, मग बादलीकडे पाहिलं.

"आमच्याकडेही नाहीये," त्या म्हणाल्या, आणि दार बंद.

दुसऱ्या दारात एक गृहस्थ होते. "अहो, तुमच्या सोसायटीत टँकर येत नाही म्हणून आमच्याकडे यायचं का? उद्या सगळी अमृतधारा येईल!"

"मी पाणी मागायला आलेलो नाही. मी मत मागायला आलोय."

"मग बादली कशाला?"

"ते माझं चिन्ह आहे."

"रिकामं चिन्ह?" गृहस्थ म्हणाले. ते सदाशिव पेठेतून राहायला आले असावेत.

तिसऱ्या मजल्यावर एका तरुणाने कानातलं गाणी ऐकायचं यंत्र काढून अगदी आदराने विचारलं, "सर, तुम्ही निवडून आलात तर पहिल्यांदा काय करणार?"

आता इथे 'पाणी आणणार' एवढं म्हणायचं होतं. शेंबड्या पोराला जमलं असतं! पण माझ्यातली नारायण पेठ जागी झाली. मी म्हणालो, "पहिल्यांदा पेढे आणणार. नंतर विचार करू."

तो हसला नाही. त्याने यंत्र परत कानात घातलं. खाली उतरताना रफिकभाई म्हणाले, "सर, उद्यापासून एक करूया. तुम्ही फक्त नमस्कार करा. बोलायचं मी बघतो."

चौथ्या दिवशी आम्ही जुन्या गावठाणात गेलो. तिथे एक आजीबाई ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. मी नमस्कार केला, तोंड उघडलं नाही, बादली पुढे धरली. आजीबाई उठल्या, आत गेल्या, आणि कळशी आणून बादलीत ओतायला लागल्या.

"घ्या बाबा. आमच्या इहिरीला हाय थोडं. लई हाल हाय म्हणं तुमच्या बिल्डिंगीत."

मला 'मत द्या' म्हणायचा धीर होईना आणि 'पाणी नको' म्हणायचाही होईना. आता अर्धी भरलेली बादली घेऊन प्रचार करणं आलं. डाव्या गुडघ्याने लगेच निषेध नोंदवला. मी तसाच हिंदकळत वळणावर आलो, तर समोर पारावर आप्पा!

आप्पा म्हणजे माझे प्रतिस्पर्धी. गावचे जुने रहिवासी, दुधाचा धंदा, दोन ट्रॅक्टर, बारमाही पाण्याची विहीर, आणि एका मोठ्या पक्षाचं तिकीट. वयाने माझ्याहून बरेच लहान, पण गाव आप्पा म्हणतं म्हणून आपणही आप्पा म्हणायचं. आमच्या पत्रकात त्यांना मी वर्तमानपत्री भाषेत 'प्रस्थापित' म्हटलं होतं. प्रत्यक्ष कधी भेटलो नव्हतो.

"या सर, बसा की! उनाचं कशापायी हिंडताय? ए, सरांची बादली घ्या रे!" कुणीतरी माझं चिन्ह काढून घेतलं. "आमची पुतणी तुमच्याच हाताखाली शिकली. आता नोकरीला हाय बेंगलोरला. घरात रोज नाव निघायचं तुमचं."

"असं का? काय नाव तिचं?" मी विचारलं, आणि नाव ऐकताच ती मुलगी मला आठवलीसुद्धा. हुशार होती. आम्ही चहा घेतला. मुलीविषयी बोललो. विहिरीविषयी बोललो. माणूस इतका साधा निघाला की मला माझ्याच पत्रकाची लाज वाटू लागली. निघताना आप्पा उठले, आणि सगळ्या लोकांसमोर खाली वाकून त्यांनी माझ्या पायांना हात लावला.

"आशीर्वाद असू द्या, सर."

आता माझी बाजू समजून घ्या. दरवर्षी परीक्षेच्या सकाळी पोरं रांगेने पाया पडतात. पायांना हात लागला की माझा उजवा हात आपोआप वर जातो आणि तोंडातून ठरलेली दोन वाक्यं बाहेर पडतात. यात डोक्याचा काही सहभाग नसतो. हात गेला. वाक्यंही गेली.

"यशस्वी व्हा! पहिल्या नंबराने या!"

रफिकभाईंनी डोळे मिटून घेतले. समोर मोबाइल धरून उभ्या असलेल्या चार-पाच जणांनी मात्र उघडेच ठेवले होते.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ वाघोलीत ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर होता. खाली ओळ होती : 'बर्वे सरांचा आप्पांना जाहीर आशीर्वाद'. पार्श्वभूमीला सनई. माझा हात डोक्यावर ठेवतानाचा क्षण तीनदा, संथ गतीने.

आमची कन्या सई आयटीत आहे. प्रचाराचं ऑनलाइन खातं तिच्याकडे होतं. ती डोकं धरून सोफ्यावर बसली होती.

"बाबा, तुम्ही अपोनन्टला एन्डॉर्स केलंत. ऑन कॅमेरा! असं जगात कोणीच केलेलं नाहीये."

"अगं, तो पाया पडला. मग काय करू, शाप देऊ?"

"निदान पहिला नंबर तरी द्यायचा नाही! दुसरा द्यायचा!"

"छान दिसत होता पण हात," नीलिमा स्वयंपाकघरातून म्हणाली. "स्थिर होता. मी त्यांनाच देईन म्हणते मत. तुमच्या शब्दाबाहेर कशाला जाऊ?"

मी बाणेदारपणे वर्तमानपत्र उघडलं. तिच्याकडे मत मागायची ही उत्तम वेळ होती हे मला आज कळतं.

सईनेच मग तोड काढली. "बाबा, आपला खरा बेस कुठे आहे? स्टुडंट्स! तुमचे स्टुडंट्स तुमच्यासाठी जीव देतील."

हे खरं होतं. मी मुलांमध्ये लोकप्रिय आहे. (तोंडी परीक्षेत मी प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच देतो, शिकवायची हौस, दुसरं काही नाही.) सईने दोन-चार जणांना सांगितलं, त्यांनी हॉस्टेलमध्ये सांगितलं, आणि प्रचाराच्या शेवटच्या दिवशी दुपारी कॉलेजच्या फाटकाबाहेर माझी फेरी निघाली.

फेरी? तो पूर होता! मोटारसायकलीच मोटारसायकली. ढोल. निळे कागदी झेंडे. हॉस्टेलमधल्या यच्चयावत बादल्या पोरं घेऊन आली होती आणि बडवत होती. 'बर्वे सर आगे बढो' ही घोषणा समजली. 'बादली नहीं तो नहाना नहीं' ही कुणी बसवली ते कळलं नाही, पण तिच्यात एक तळमळ होती. मला उघड्या जीपमध्ये उभं केलं. गळ्यात एवढे हार, की मला स्वतःची पोरं ओळखू येईनात. मी हात हलवू लागलो. सुरुवातीला संकोचाने, मग सराईतपणे, आणि शेवटी शेवटी तर मी फक्त बोटं हलवत होतो, जसं मोठे नेते करतात. गर्दीला अंत नव्हता. रस्ता पार नगर रोडच्या वळणापर्यंत गच्च भरला. मी मनातल्या मनात स्थायी समितीत जाऊन बसलो होतो. खुर्चीला गुडघ्यासाठी छोटं स्टूल मागावं का, हाही विचार करून झाला.

फेरी कँटीनपाशी संपली. मी हार काढले, चहा मागवला आणि जीपच्या पुढे नाचत होता त्या मुलाच्या पाठीवर थाप मारली.

"शाब्बास! आता परवा सकाळी लवकर. साडेसातला केंद्र उघडतं."

"सर, परवा मी नाहीये."

"का रे?"

"माझं व्होटिंग लातूरला आहे ना, सर. तिकडे पण इलेक्शन आहे. काकांनी गाडी पाठवलीय."

"बरं, तू जा. आणि तू?"

"बुलढाणा, सर."

"तू?"

"सर, मैं पटना से हूँ। लेकिन फुल सपोर्ट है, सर!"

मी बाकावर चढलो. (गुडघा होता, तरीही चढलो.) "मुलांनो, ज्यांचं नाव इथल्या मतदार यादीत आहे त्यांनी हात वर करा!"

एवढ्या मोठ्या कँटीनमध्ये पंख्याचा आवाज ऐकू आला. मग मागच्या बाजूने एक हात हळूच वर आला.

"कोण आहे तो? पुढे ये!"

तो कँटीनचा मालक होता. "सर, नाव इथलंच हाय," तो म्हणाला, "पण आमचा प्रभाग रस्त्याच्या पलीकडचा."

इथे माणसाचं नशीब थांबायला हरकत नव्हती. पण तेवढ्यात सईचा फोन आला.

"बाबा, लगेच घरी या. रॅलीमुळे रोड ब्लॉक झालाय. टँकर दोन तास नाक्यावर अडकलेत. आपला पण, शेजारच्या तीन सोसायट्यांचे पण. आणि आई..."

"आईचं काय?"

"तुम्ही याच."

मी जवळजवळ पळत गेलो. अमृतधाराच्या फाटकाशी बायकांची मोठी रांग उभी होती. प्रत्येकीच्या हातात रिकामी बादली. क्षणभर, अगदी एकच क्षण, मला वाटलं की ह्या माझ्या प्रचाराला जमल्यात. मी हातसुद्धा हलवला. नुसती बोटं.

रांगेच्या अग्रभागी नीलिमा होती. तिने सकाळी केसांना मेंदी लावली होती, वरून प्लास्टिकची पिशवी बांधली होती, आणि ती धुवायची वेळ होऊन कैक तास झाले होते. पिशवीतून एक हिरवट ओघळ कपाळावरून नाकाकडे निघाला होता. तिने तो पुसला नाही.

"पाण्यासाठी लढणारा माणूस," ती म्हणाली. "आला."

"अगं, मला काय कल्पना की रस्ता..."

"आजवर टँकर उशिरा यायचा. अडवला कुणी नव्हता. ते तुम्ही केलंत."

मागे कुणीतरी हसलं. मग सगळ्या हसल्या. मला त्या हसण्याचं काही नाही, पण नीलिमा हसली नाही, ते मात्र लागलं.

तेवढ्यात मागच्या शेताच्या कच्च्या रस्त्याने धुळीचा लोट उठला. ट्रॅक्टर! मागे पाण्याची टाकी, आणि ट्रॅक्टरवर स्वतः आप्पा. ना झेंडा, ना उपरणं. बनियनवर होते, बहुधा गोठ्यातूनच उठून आले असावेत.

"कुणी फोटो काढू नका रे!" ते ओरडले. "आचारसंहिता हाय! शेजारधर्म म्हणून आणलंय पाणी." मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, ह्याचा प्रचार न्हाय करणार मी. पण आमच्या मंडळीला कळलं, वहिनींच्या डोक्यात मेंदी वाळतीय. ती म्हणली, आधी ट्रॅक्टर काढा, मग जेवा."

मी पाइप धरला. रांगेत ढकलाढकली आणि भांडण सुरू झालं, तेव्हा नीलिमाने 'रांग!' एवढंच म्हटलं आणि सगळ्या जागच्या जागी गप्प झाल्या. आजूबाजूच्या चार सोसायट्यांतल्या बादल्या मी भरून दिल्या. माझ्या विरोधकाच्या विहिरीचं पाणी, माझ्या मतदारांच्या हातातल्या माझ्या चिन्हात, मी स्वतः ओतत होतो. रफिकभाई शेजारी उभे राहून "एका वेळी एकच, ताई, एका वेळी एकच," असं म्हणत होते. निवडणुकीच्या काळात लोकांसाठी मी केलेलं एवढं एकच काम. त्याचाही फोटो नाही.

वर गेलो तेव्हा नीलिमा केस पुसत होती. अर्धे केस काळे राहिले होते आणि अर्धे नारिंगी झाले होते. मी चहा टाकला. तिने घेतला नाही. घरात ती जे बोलत नसते ते मला फार ऐकू येतं.

मग मला काय वाटलं कुणास ठाऊक. मी दार उघडून बाहेर गेलो, दार ओढून घेतलं, आणि बेल वाजवली.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. साखळी लावून. फटीतून अर्धा नारिंगी केशसंभार दिसला.

"काय हवंय?"

"नमस्कार," मी म्हणालो. मी झब्बा ओढून सरळ केला. इतक्या दारांवर गेलो, पण असं कुठेच केलं नव्हतं. "मी बर्वे. अपक्ष. चिन्ह बादली. मला फारसं काही येत नाही. बोलायला तर अजिबातच येत नाही. तुमचं मत मला मिळालं तर बरं वाटेल. मी... मागायला आलोय."

साखळी जराशी हलली.

"विचार करून सांगते," नीलिमा म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

पण दार लागता लागता मला ती हसलेली दिसली. मी तसाच जिन्यात उभा राहिलो. किल्ली आत होती. समोरच्या देशपांड्यांनी दार किलकिलं करून माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईने म्हणाले, "सर, आमच्याकडे सकाळीच येऊन गेलात तुम्ही!"

मतदानाच्या दिवशी वेगळीच गंमत. आमच्याकडे एकेका प्रभागातून चार जण निवडायचे असतात, त्यामुळे चार बटणं दाबावी लागतात. मी चष्मा घरी विसरलो. बिगर चष्म्याने त्या यंत्राकडे पाहिलं तर उमेदवारांची नावं म्हणजे मुंग्यांची रांग. चित्रं तेवढी अंधूक दिसत होती. मला बादली दिसली. तिच्या खाली आणखी एक बादली दिसली. मी रामाचं नाव घेऊन एक दाबली.

बाहेर येऊन रफिकभाईंना विचारलं, "दोन बादल्या कशा काय?"

"दोन नाहीत, सर. खालचा ग्लास आहे. तो दुसरा अपक्ष."

"कोण आहे हा?"

"कुणी पाहिलेला नाही," रफिकभाई म्हणाले. "अर्ज भरला आणि गावाला गेला म्हणतात."

निकाल लागला. आप्पा पहिल्या नंबराने आले. (माझे आशीर्वाद परीक्षेला फारसे लागत नाहीत, तिथे मात्र लागले!) दुसऱ्या नंबरावर दुसरा मोठा पक्ष. तिसऱ्या नंबरावर ग्लास. होय, ग्लास! ज्याने एक पत्रक छापलं नाही, एक बेल वाजवली नाही, कुणाची मेंदी वाळवली नाही, तो माझ्या पुढे! आणि त्याच्या मतांत एक मत माझं स्वतःचं असण्याची दाट शक्यता आहे.

त्यानंतर आठवडाभर सोसायटीतला प्रत्येक जण लिफ्टमध्ये माझा हात दाबून सांगत होता, "सर, आमच्या घरची सगळी मतं तुम्हालाच." जेवढ्या लोकांनी शपथेवर असं सांगितलं, तेवढ्यांनी खरंच मत दिलं असतं तर मी आज महापौर असतो. नीलिमाला मात्र मी विचारलं.

"दिलंस का गं?"

"मतदान गुप्त असतं," ती म्हणाली. बँकेतली बाई. सही जुळल्याशिवाय माहिती देत नाही.

पण गोष्ट इथे संपली नाही. पुढच्याच महिन्यात आप्पा घरी आले. पाण्यासाठी रहिवाशांची समिती करायची होती. टँकर कधी कुठे जाणार, नळाच्या कामाचा पाठपुरावा कोण करणार, असं सगळं. मी झब्बा घालून सोफ्यावर सरसावून बसलो. पराभूत उमेदवाराला सोबत घेणारा दिलदार विजेता! मी दोन शब्द मनात जुळवूनही ठेवले.

"तर सर, तुमची परवानगी असंल तर," आप्पा म्हणाले, "वहिनींना अध्यक्ष करावं म्हणतो. त्या दिवशी रांगेतल्या सगळ्या बायका एका शब्दात गप्प केल्या त्यांनी. आमची मंडळी म्हणती, अशी बाई पाहिजे."

परवानगी माझी मागितली होती, उत्तर नीलिमाने दिलं. "सोमवारपासून येते," ती म्हणाली.

आणि तिने ते काम असं काही हातात घेतलं, की टँकरवाले आता आमच्या फाटकाशी येऊन हॉर्न वाजवत नाहीत, बेल वाजवून 'आलोय, मॅडम' असं सांगतात. नळाचे पाइप कोपऱ्यापर्यंत आले आहेत. तिला दिवसभर फोन असतात. सई समितीच्या ऑनलाइन खात्यावर रोज टँकरचं वेळापत्रक टाकते. घरातला चहा सध्या मी करतो.

परवाच दुपारी बेल वाजली. मी दार उघडलं. शेजारच्या सोसायटीतले ते 'रिकामं चिन्ह'वाले गृहस्थ उभे होते.

"वहिनी आहेत का?"

"नाहीत, पालिकेच्या कार्यालयात गेल्यात. पण मी आहे ना. या, बसा. काय काम होतं?"

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जिन्याकडे वळले.

"नको, तुम्ही राहू द्या," ते म्हणाले. "जरा पाण्याचं काम होतं."